अंधारातली विमाने आणि कॅमेऱ्याचा डोळा

अमेरिकेत मुलाकडे चार-सहा महिन्यांसाठी गेलेल्या मराठी आईवडिलांच्या सहलींची यादी साधारण ठरलेली असते. नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, वॉशिंग्टन. मुलगा ओहायो राज्यात किंवा त्याच्या आसपास नोकरीला असेल, तर त्या यादीत आणखी एक नाव येते. ते म्हणजे डेटन शहरातले अमेरिकन हवाई दलाचे राष्ट्रीय संग्रहालय. प्रवेश विनामूल्य, गाडी उभी करायला भरपूर जागा आणि आत साडेतीनशेहून अधिक विमाने व क्षेपणास्त्रे. अख्खा दिवस कसा जातो ते कळतही नाही.

समजा, नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात उमेद घालवलेले एखादे आजोबा नातवाचे बोट धरून या संग्रहालयात गेले. व्हिएतनाम युद्धाच्या दालनात फिरता फिरता त्यांची पावले अचानक थबकली. समोर मिग-२१ उभे होते. नाकपुडीत शंकूसारखा सुळका, त्रिकोणी आखूड पंख, पाठीवरचा उंचवटा. ज्या कुळातल्या विमानांचे सांगाडे ओझरला जोडताना तीस वर्षे हात काळे झाले, ते विमान सातासमुद्रापार, परक्या दालनात असे भेटले. आजोबांचे डोळे भरून आले. नातवाने खिशातून फोन काढला. "आजोबा, थोडं हसा ना!" म्हणाला. फ्लॅश चमकला. क्लिक झाले.

घरी येऊन पाहावे तर काय? आजोबांचा चेहरा पिठासारखा पांढराफटक, चष्म्याच्या काचांवर दोन चकाकते ठिपके आणि मागे मिट्ट काळोख. मिग-२१ त्या काळोखात कुठेतरी होते, पण चित्रात नव्हते. परत जायला ना वेळ होता, ना व्हिसाचे दिवस शिल्लक होते.

ही गोष्ट कल्पनेतली असली, तरी असे फोटो मात्र घरोघरच्या अल्बममध्ये सापडतील. संग्रहालयातून परतलेल्या दहा जणांपैकी आठ जणांची तक्रार सारखीच असते, "कॅमेरा चांगला होता हो, पण फोटो काही आले नाहीत!" खरे म्हणजे त्यात कॅमेऱ्याचा दोष फार थोडा असतो. अंधार समजून घेतला आणि चार साध्या गोष्टी पाळल्या, तर साध्या फोननेही तिथे सुंदर छायाचित्र मिळू शकते.

इतका अंधार कशासाठी?

डेटनच्या या संग्रहालयात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला वाटते, वीज गेली की काय! विमानांच्या हँगरसारखी प्रचंड दालने, गडद भिंती, उंचावर अर्धवर्तुळाकार छत आणि मोजकेच प्रकाशझोत. एखाद्या विमानाच्या नाकावर उजेड असतो, तर शेपूट सावलीत बुडालेले असते. नाटकाच्या रंगमंचावर नटावर झोत टाकावा, तसा हा प्रकार वाटतो. त्यात देखाव्याचा भाग आहेच. पण मंद प्रकाशामागे त्याहून महत्त्वाचे एक कारण असते.

प्रकाश हा जुन्या वस्तूंचा शत्रू आहे. खिडकीशी टांगलेला पडदा दोन-तीन वर्षांत कसा विटतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. पहिल्या महायुद्धातली विमाने म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेले आणि वर लेप दिलेले कापडच. नंतरच्या विमानांत कातडी आसने आली, रबरी नळ्या आल्या, पारदर्शक प्लॅस्टिकची छत्रे आली. शिवाय वैमानिकांचे गणवेश, नकाशे, पत्रे, पदकांच्या रेशमी फिती. या सगळ्यांवर प्रकाशाचा, विशेषतः त्यातल्या अतिनील किरणांचा, हळूहळू परिणाम होतो. रंग उडतो, धागा कुजतो, रबराला भेगा पडतात, प्लॅस्टिक पिवळे पडते. हे नुकसान भरून येत नाही. उडालेला रंग अंधारात ठेवल्याने परत येत नाही.

म्हणून संग्रहालयांच्या जगात एक ढोबळ नियम रूढ आहे. कापड, कागद यांसारख्या नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देऊ नये. लक्स हे प्रकाश मोजण्याचे माप. कचेरीतल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असतो आणि भर दुपारच्या उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो. म्हणजे संग्रहालयात अशा वस्तूंना मिळणारा उजेड कचेरीतल्या उजेडाच्या सहाव्या ते दहाव्या हिश्शाइतकाच असतो. आणखी एक गोष्ट म्हणजे हे नुकसान साठत जाते. मंद प्रकाश दहा तास काय किंवा दसपट प्रकाश एक तास काय, वस्तूचे होणारे नुकसान साधारण सारखेच.

आपला डोळा या अंधाराला पाच-दहा मिनिटांत सरावतो. बाहुली मोठी होते आणि हळूहळू सारे दिसू लागते. म्हणूनच माणसाची फसगत होते. "दिसतंय की सगळं!" असे म्हणून तो बटण दाबतो. पण डोळ्याला दिसते तेवढे कॅमेऱ्याला एका क्षणात टिपता येत नाही. त्याला वेळ हवा असतो.

फ्लॅश कुठवर पोचतो?

अंधार दिसला की फ्लॅश लावायचा, ही सर्वसामान्य समजूत. लग्नाच्या मांडवात ती खरी ठरते, कारण तिथे माणसे दोन-तीन मीटरवर उभी असतात. विमानाच्या बाबतीत मात्र ती साफ चुकते.

फ्लॅशच्या प्रकाशाचा हिशेब सोपा आहे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा नव्हे, चौथाई होतो. तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो. कॅमेऱ्यात बसवलेल्या लहान फ्लॅशची शक्ती, छायाचित्रकारांच्या भाषेत गाइड नंबर, साधारण १२ धरली, तर १०० आयएसओ आणि एफ ४ या छिद्रावर तो जेमतेम तीन मीटर पोचतो. आयएसओ ४०० केला तर सहा मीटर. फोनच्या दिव्याची पोच तर याहूनही कमी. आता समोर बी-५२ बॉम्बर उभे आहे असे समजा. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ५६ मीटर! फ्लॅशने उजळेल ती फक्त पुढची दोरी, माहितीची पाटी आणि मध्येच आलेल्या एखाद्या गृहस्थाची पाठ.

फ्लॅशचे दुसरे दुखणे चकाकीचे. पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा कॉकपिटच्या काचेवर फ्लॅश पडला की तिथे पांढरा डाग उमटतो. शिवाय संग्रहालयाने कौशल्याने लावलेले प्रकाशझोत फ्लॅशपुढे निष्प्रभ होतात. ज्या छायाप्रकाशामुळे विमान देखणे दिसत होते, तोच चित्रातून नाहीसा होतो.

फ्लॅशने वस्तूंचे नुकसान होते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. एका चमकेतून वस्तूवर पडणारा प्रकाश एकूण हिशेबात अगदी थोडा असतो. पण दिवसभर हजारो पाहुणे जवळून चमका मारू लागले तर इतरांच्या डोळ्यांना होणारा त्रास काही थोडा नाही. म्हणून कित्येक संग्रहालयांत फ्लॅशला मनाई असते. जिथे परवानगी असते, तिथेही तो बंद ठेवलेला बरा. तो वापरायचा एकच प्रसंग म्हणजे जवळ उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मागच्या विमानासह हवा असेल तेव्हा. त्याची युक्ती पुढे येईलच.

कॅमेरा स्थिर, तर चित्र स्थिर

फ्लॅश बंद केला की कॅमेरा अधिक वेळ झडप उघडी ठेवतो. ५० लक्सच्या आसपासच्या उजेडात, आयएसओ १०० आणि एफ २.८ असताना, सुमारे अर्धा सेकंद लागतो. आयएसओ ४०० केला तर एक दशांश सेकंद आणि १६०० केला तर साधारण एक चाळीसांश सेकंद. हातात धरलेला कॅमेरा किती वेळ स्थिर राहू शकतो, याचा जुना आडाखा असा की, भिंगाचे नाभीय अंतर जेवढे मिलिमीटर, तेवढ्या भागांत सेकंद विभागावा. ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी एक पन्नासांश सेकंद. त्याहून अधिक वेळ लागला की हात हलतो आणि चित्र पुसट येते.

फिल्मच्या काळात हा मोठा पेच होता. कॅमेऱ्यात ४०० आयएसओचा रोल घातला की छत्तीस चित्रे संपेपर्यंत तोच चालवावा लागे. निकाल कळायचा तो आठ दिवसांनी, स्टुडिओतून पाकीट आल्यावर. आज डिजिटल कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये दर चित्राला आयएसओ बदलता येतो आणि चित्र जागच्या जागी पाहता येते. आयएसओ १६०० ते ३२०० ठेवला तर हाताने काढलेले चित्रही चांगले येते. आयएसओ वाढवला की चित्रात वाळूसारखे कण दिसू लागतात हे खरे. पण हललेल्या चित्रापेक्षा कणीदार चित्र केव्हाही चांगले. कण पुढे संगणकावर कमी करता येतात. हललेले चित्र मात्र सुधारण्याची आशा फारशी नसते.

ट्रायपॉड असेल तर प्रश्नच मिटतो. आयएसओ १००, छिद्र एफ ८ आणि वेळ तीन-चार सेकंद. नाकापासून शेपटापर्यंत विमान लख्ख उमटते. एवढ्या वेळात समोरून चालत गेलेली माणसे चित्रात जवळजवळ उमटतच नाहीत, हा वरचा फायदा. मात्र ट्रायपॉड न्यायला परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्यावे. सगळीकडे ती नसते आणि गर्दीच्या वेळी त्याच्या पायांत कुणी अडखळू शकते.

ट्रायपॉड नसेल तर घरगुती उपाय पुष्कळ आहेत.

जाड कापडाच्या लहान पिशवीत मूठ-दोन मूठ तांदूळ किंवा मूग भरून तोंड शिवून टाकावे. ही पुरचुंडी कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला की तो हवा तसा रुतून बसतो.

कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी जे भोक असते, त्यात बसणारा स्क्रू मिळवून त्याला दीड-दोन मीटर सुतळी बांधावी. सुतळीचे दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ओढून ताण द्यावा. हाताचा कंप निम्म्याने कमी होतो.

हेही नको असेल तर खांबाला पाठ टेकावी, दोन्ही कोपरे बरगड्यांशी दाबून धरावी, श्वास सोडून झाल्यावर बटण हळूच दाबावे. शक्य तर दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. एकाऐवजी तीन-चार चित्रे लागोपाठ काढावीत. त्यांतले एखादे हमखास स्थिर निघते.

फोन वापरणाऱ्यांनी आधी भिंग स्वच्छ रुमालाने पुसावे. खिशातल्या फोनच्या भिंगावर बोटांचे तेल लागलेले असते आणि त्यामुळे प्रत्येक दिव्याभोवती धुके पसरते. रात्रीच्या चित्रणाची सोय असेल तर ती वापरावी. त्यात फोन एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती एकत्र जुळवतो. ते काम पुरे होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन सेकंद, हात हलवू नये. बोटांनी पडदा ताणून विमान जवळ आणण्यापेक्षा स्वतः दोन पावले पुढे जावे.

काळी भिंत कॅमेऱ्याला फसवते

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक मोठा साधाभोळा असतो. समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे, असे धरून तो चालतो. चित्राच्या चौकटीत तीन चतुर्थांश काळी भिंत आली की त्याला वाटते, फारच अंधार आहे. मग तो गरजेपेक्षा अधिक उजेड आत घेतो. भिंत राखाडी होते आणि झोतात चमकणारे विमानाचे नाक पांढरे फटफटीत पडते. त्यावरची अक्षरे, खिळ्यांच्या रांगा, रंगाचे पापुद्रे, सारे वाहून जाते. यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात अधिक-उणे अशी एक्स्पोजरची खूण असते. ती उणे एकवर न्यावी. फोनच्या पडद्यावर विमानाच्या उजळ भागावर बोट टेकवावे आणि शेजारी उमटणारा सूर्य थोडा खाली ओढावा. सावलीत दडलेला भाग नंतर उजळता येतो, पण पांढरा पडलेला भाग परत आणता येत नाही.

अंधारात आपोआप फोकस होणारे कॅमेरेही चाचपडतात. भिंग पुढे-मागे घरघरते आणि फोकस मात्र होत नाही. अशा वेळी गुळगुळीत पत्र्यावर नेम न धरता पंखावरचा तारा, शेपटावरचा क्रमांक किंवा कॉकपिटच्या चौकटीची कड धरावी. उजेड-अंधाराची ठळक रेषा मिळाली की फोकस चटकन बसतो.

रंगांचाही घोळ असतो. पिवळसर दिव्यांखाली काढलेली चित्रे हळदीत बुडवल्यासारखी दिसतात, तर ट्यूबलाइटखाली हिरवट झाक येते. फिल्मच्या काळी यासाठी निळसर काच किंवा वेगळा रोल लागे. आता कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सची सोय असते. विमानावरचा एखादा भाग खरोखर पांढरा आहे हे माहीत असेल, तर त्यावरून रंग बेतावा. हे प्रकरण वरवर किरकोळ वाटते, पण तसे ते नाही. लढाऊ विमानाचा रंग म्हणजे त्याची ओळख. हिरव्याचा तपकिरी झाला तर जाणकाराला ते दुसऱ्याच तुकडीचे वाटू शकते.

कॉकपिट पाहायला मिळणे ही मुलांची सगळ्यांत मोठी हौस. पण मध्ये काच किंवा प्लॅस्टिकचा पत्रा असतो आणि चित्रात आपलेच प्रतिबिंब येते. भिंगाभोवती रबरी टोपण किंवा गडद रुमाल गुंडाळून भिंग काचेच्या अगदी लगत आणावे. प्रतिबिंब जागीच नाहीसे होते. काही जण पोलरायझर ही खास काच वापरतात. ती काचेवरची चकाकी कमी करते, पण उघड्या धातूवरची नाही. शिवाय मुळातच कमी असलेला निम्म्याहून अधिक प्रकाश तीच गिळते. अंधाऱ्या दालनात ती पिशवीतच राहू द्यावी.

गोष्ट चित्रात यावी

एवढे सारे जमले तरी काम संपत नाही. विमानाची बाजूने काढलेली शंभर चित्रे एकसारखीच दिसतात. वर्षभराने अल्बम उघडल्यावर कोणते विमान कोणते, तेही आठवत नाही. त्यासाठी एक सवय लावून घ्यावी. प्रत्येक विमानाचे चित्र काढण्याआधी त्याच्या माहितीच्या पाटीचे एक चित्र काढावे. मग विमानाचे पूर्ण चित्र आणि शेवटी एखादा बारकावा टिपावा.

बारकाव्यांत किती काही असते! या संग्रहालयात 'मेम्फिस बेल' नावाचे बी-१७ बॉम्बर आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आकाशात २५ मोहिमा पुऱ्या करून सुखरूप परतलेल्या विमानांत त्याचे नाव अग्रभागी घेतले जाते. १७ मे १९४३ रोजी त्याच्या वैमानिकांनी पंचविसावी मोहीम पुरी केली. युद्धानंतर हे विमान मेम्फिस शहरात कित्येक वर्षे उघड्यावर उन्हापावसात उभे होते. लोकांनी त्याचे सुटे भाग आठवण म्हणून काढून नेले. २००५ मध्ये ते डेटनला आले. तिथे अनेक वर्षे खपून कारागिरांनी ते पूर्ववत केले आणि १७ मे २०१८ रोजी, त्या मोहिमेला बरोबर ७५ वर्षे झाली तेव्हा, ते लोकांसमोर ठेवले. त्याच्या नाकावर रंगवलेली तरुणी आणि मोहिमांच्या खुणा जवळून टिपल्या, तर एका चित्रात ही सारी कहाणी येते.

'व्हल्कायरी' या पांढऱ्याशुभ्र विमानाची गोष्ट निराळी. ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडणारी अशी दोनच विमाने बनली. ८ जून १९६६ रोजी एकाला हवेतच दुसऱ्या विमानाची धडक बसली आणि ते कोसळले. उरलेले ४ फेब्रुवारी १९६९ रोजी उडत डेटनला आले ते कायमचेच. पन्नास मीटरहून लांब असलेले हे धूड एका चौकटीत मावत नाही. नाकासमोर खाली बसून वर पाहत चित्र काढले की बगळ्याच्या मानेसारखा त्याचा डौल कळतो. किंवा डावीकडून उजवीकडे चार-पाच चित्रे एकमेकांवर थोडी चढतील अशी काढून ती जोडावीत.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे विमानही येथे आहे. त्याच्या अरुंद बोळातून प्रवाशांसारखे चालत जाता येते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसला केनेडींची हत्या झाली, तेव्हा याच विमानात लिंडन जॉन्सन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. शेजारी उभ्या जॅकेलिन केनेडी. सेसिल स्टॉटन या छायाचित्रकाराने माणसांनी गच्च भरलेल्या त्या एवढ्याशा जागेत काढलेले ते चित्र जगभर पोचले. त्या जागेतून स्वतः चालत गेल्यावरच कळते की, दाटीवाटीत, अपुऱ्या उजेडात, पुन्हा न येणारा क्षण टिपणे म्हणजे काय असते.

आणि एक विमान असे आहे, जिथे कॅमेरा काढण्याआधी माणसाने क्षणभर थांबावे. 'बॉक्सकार' नावाचे चकचकीत बी-२९ बॉम्बर. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब टाकला तो याच विमानाने. त्या वर्षाअखेरपर्यंत त्या शहरातली सुमारे ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली. विमानाशेजारी बाँबची प्रतिकृतीही ठेवलेली आहे. तिथे दोन बोटे उंचावून हसत फोटो काढणारी मुले दिसतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही. पण बटण दाबण्याआधी आईवडिलांनी दोन वाक्यांत ती हकीकत सांगितली, तर मुले आपोआप गंभीर होतात. त्यानंतर निघालेले चित्र वेगळेच येते.

आपल्याकडेही आहे पाहण्यासारखे

विमाने पाहायला अमेरिकेलाच गेले पाहिजे असे नाही. दिल्लीत पालमला भारतीय वायुसेनेचे संग्रहालय १९६७ मध्ये स्थापन झाले. भारतीय हवाई दलाची सुरुवात १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत ज्या वापिती जातीच्या चार दुपंखी विमानांनी झाली, त्या जातीचे विमान त्याच्या संग्रहात आहे. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर, १९९८ मध्ये नौदलाच्या विमानांचे संग्रहालय सुरू झाले. तिथली बरीच विमाने मोकळ्या आकाशाखाली आहेत. चित्र काढणाऱ्याला तिथे अंधाराची अडचण नाही, उलट उन्हाचीच आहे. मात्र लष्करी आवारात छायाचित्रणाचे नियम कडक असतात. दाराशी विचारून, सांगतील तेवढेच करावे.

परदेशी संग्रहालयांतल्या काही विमानांशी तर भारताचे थेट नाते आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर जातीची अमेरिकन बॉम्बर विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने पुन्हा उडती केली. आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगात त्या जातीची विमाने दुर्मिळ झाली, तेव्हा भारतातल्या या विमानांपैकी काही ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेच्या संग्रहालयांत गेली. तिकडच्या एखाद्या दालनात लिबरेटर दिसले तर पाटी नीट वाचावी. कदाचित ते आपल्याच हातांनी जगवलेले निघेल.

जे आज आहे, ते उद्या असेलच असे नाही

संग्रहालयातली वस्तू कायमची असते असे आपण धरून चालतो. पण मुंबईकरांना तसा अनुभव नाही. १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवलेली विमानवाहू नौका 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली आणि पुढे मुंबईच्या बंदरात तिचे संग्रहालय झाले. शाळांच्या सहली तिच्या पोटातल्या अंधाऱ्या हँगरमधून फिरल्या. २०१२ मध्ये ते सुरक्षिततेच्या कारणावरून बंद झाले आणि २०१४ च्या अखेरीस नौका तोडायला सुरुवात झाली. आता ती पुन्हा कधीच पाहता येणार नाही. त्या सहलींत पालकांनी, शिक्षकांनी काढलेली चित्रे कुठे कुठे अल्बममध्ये असतील. धूसर, हललेली, फ्लॅशने पांढरी पडलेली का असेनात, आज त्यांचे मोल कशाने करणार?

मिग-२१ चेही तसेच. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने देशात या जातीची सहाशेहून अधिक विमाने बांधली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला समारंभाने भारतीय हवाई दलाने त्यांना शेवटचा निरोप दिला. आता ती आकाशात नाहीत. यापुढे ती भेटतील ती चौकातल्या चबुतऱ्यावर नाहीतर संग्रहालयाच्या मंद उजेडात.

डेटन शहराला छायाचित्राचे हे मोल फार पूर्वीपासून ठाऊक आहे. राइट बंधू याच गावचे. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या किनाऱ्यावर त्यांचे विमान १२ सेकंद उडाले, तेव्हा ऑरव्हिलने आधीच कॅमेरा रोखून ठेवला होता. रबरी फुगा दाबण्याचे काम जॉन डॅनियल्स या किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाकडे होते. त्याने त्याआधी कधी छायाचित्र काढले नव्हते. ती काच घेऊन बंधू डेटनला परतले आणि घरच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी ती धुतली. माणसाच्या पहिल्या विमानोड्डाणाचा पुरावा त्या अंधारातून उमटला. पुढे १९१३ मध्ये डेटनला महापूर आला. राइट बंधूंच्या कित्येक काचा पाण्यात खराब झाल्या. ती एक काच मात्र एका कोपऱ्याचे नुकसान सोडता वाचली.

आता पुन्हा आपल्या त्या आजोबांकडे वळू. नातवाने हे सारे आधी ऐकले असते, तर त्याने काय केले असते? आजोबांना मिगच्या नाकापासून दोन पावले बाजूला, जिथे झोताचा उजेड चेहऱ्यावर येतो तिथे उभे केले असते. फोन कठड्यावर टेकवला असता, रात्रीचे चित्रण लावले असते, विमानाच्या उजळ पत्र्यावर बोट ठेवून उजेड जरा उतरवला असता. चेहरा तरी अंधारातच राहिला असता, तर आजीच्या फोनचा दिवा पांढऱ्या रुमालातून मंद करून बाजूने धरायला सांगितला असता. हीच ती मघाची युक्ती. जवळच्या माणसावर मऊ उजेड पाडायचा आणि मागच्या विमानासाठी झडप अधिक वेळ उघडी ठेवायची. साधा कॅमेरा असेल तर त्यातली मंद झडपेसह फ्लॅशची सोय हेच काम करते.

मग तो म्हणाला असता, "आजोबा, तीन सेकंद हलू नका हं!" आणि आजोबा म्हणाले असते, "अरे, याच्यासाठी तीस वर्षं उभा राहिलो, तीन सेकंदांचं काय घेऊन बसलास!"

त्या चित्रात आजोबा हसले नसते तरी चालले असते. मागे त्यांचे विमान दिसले असते, तेवढे पुरे होते.